बेसवर दोन हात

सोमवारी सकाळी कंपाउंडरांनी जेवणाच्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरली, चष्मा पुसला आणि बायकोचा बेस उताणा निजवला. दवाखान्यात पेशंटला टेबलावर घेताना म्हणत, तसं सवयीनं तोंडातून निघून गेलं, "घाबरायचं नाही. काही होत नाही."

बेस म्हणजे चार जाड तारांची, विजेवर चालणारी गिटार. कंपाउंडरांची बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती आणि तिथल्या बायकांच्या ऑर्केस्ट्रात बावीस वर्षं हा बेस वाजवत होती. पुढे एक्स्चेंज बंद झालं, ऑर्केस्ट्रा पांगला, बेस कपाटावर गेला. गेल्या वर्षी बायको गेली. बेस कपाटावरच राहिला.

मागच्या आठवड्यात मेहुणीचा फोन आला. तीही एक्स्चेंजमधलीच. ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायची आणि फोनवरही तसंच बोलायची.

"भावोजी, ताईचा बेस आहे ना जागेवर?"

"आहे. का गं?"

"आम्ही पुन्हा जमतोय. शनिवारी चार वाजता, वाचनालयाच्या हॉलमध्ये. सहा जणी होतो, तिघी उरलो. बेसला एक नवी मुलगी मिळालीय, दातांची डॉक्टर आहे. तिला म्हटलं, आमच्या ताईचाच बेस वाजव. तुम्ही फक्त घेऊन या. आहे तसा."

'आहे तसा' हे शब्द कंपाउंडरांच्या कानापर्यंत पोचले, आत गेले नाहीत. त्यांना आठवलं ते दुसरंच. "याचा रंग पार गेलाय हो. एकदा मनावर घ्या," असं बायको म्हणायची आणि ते "बघतो" म्हणायचे. हे "बघतो" अकरा वर्षं चाललं होतं.

आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. बावीस वर्षं प्रत्येक कार्यक्रमाला ते हजर असत. पण बायको वाजवते तो आवाज नेमका कुठला, हे त्यांना कधीच कळलं नव्हतं. मेहुणीचा ड्रम ऐकू यायचा, तो तर पार्किंगपर्यंत ऐकू यायचा. अकॉर्डियन ऐकू यायचं, गाणारी ऐकू यायची. बायकोची बोटं हलताना दिसायची, एवढंच. घरी आल्यावर ती विचारायची, "कसं झालं?" आणि हे म्हणायचे, "छान." घरी सरावाला बसली की नेमके रस्त्यावरून ट्रक जायला लागायचे, फळीवरच्या औषधाच्या बाटल्या किणकिणायच्या. मग तिला त्रास नको म्हणून कंपाउंडर उठून खिडकी लावून घ्यायचे.

एकदाच, लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर, त्यांनी धीर करून विचारलं होतं. "राग मानू नकोस. पण तू वाजवतेस ते नेमकं कुठलं?"

ती इतकी हसली की गॅसवरचं दूध उतू गेलं. मग ओटा पुसता पुसता म्हणाली, "मी थांबले की कळेल."

पण गाण्याच्या मध्ये ती कधी थांबलीच नाही. तापात वाजवलं, पाय प्लास्टरमध्ये असताना वाजवलं. त्यामुळे कळायचं राहून गेलं. आता शनिवारी तोच बेस पुन्हा वाजणार होता. या वेळी पहिल्या रांगेत बसायचं आणि तो आवाज शोधून काढायचा, असं कंपाउंडरांनी ठरवलं होतं. आणि बेसला तिथे फाटक्या कपड्यात न्यायचं नाही, हेही.

त्यांनी आधी तो उघडला. गिटार आतून कशी असते याची त्यांना फार उत्सुकता होती. तारा उतरवल्या, स्क्रू काढले, मान वेगळी केली, दोन बटणं काढली, आवाज पकडणारी लांबट पट्टी काढली. दवाखान्यातली गोळ्या द्यायची छोटी पाकिटं घरात शेकड्यांनी पडली होती. त्यांवर 'सकाळी', 'दुपारी', 'रात्री' असं छापलेलं असे आणि पुढे खूण करायला चौकट. मानेचे स्क्रू 'सकाळी'त गेले, पट्टीचे 'दुपारी'त, बटणं 'रात्री'त. वायरींना कागदाच्या पट्ट्या चिकटवून नंबर दिले. इथवर काम इतकं नीटनेटकं झालं, की यात काही बिघडू शकेल अशी शंकाही कुणाला आली नसती.

मग रंगाचा एक विटकरी टवका पाकिटात घालून ते कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानात गेले. रंगवाला डोक्यावर कागदाची टोपी आणि कानामागे पेन्सिल ठेवून उभा होता.

"बेसचं काम आहे," कंपाउंडर म्हणाले.

"करू की. बेस नवा की जुना?"

"जुना. चाळीस वर्षांचा."

"मग ठिकठिकाणी सुटला असेल."

"एका कडेला पार गेलाय. खालचं लाकूड दिसतं." कंपाउंडरांना हायसं वाटलं. माणूस जाणकार होता.

"लाकूड आहे होय? पार्टिशन म्हणा की मग."

कंपाउंडर क्षणभर थबकले. पण दवाखान्यातही साध्या सर्दीला डॉक्टर भलतंच नाव लिहायचे. यांच्या धंद्यात बेसला पार्टिशन म्हणत असतील. ते म्हणाले, "हो, तेच."

"उंची किती?"

"उभा केला की माझ्या छातीपर्यंत येतो."

"म्हणजे अर्धंच. कुठे, हॉलमध्ये?"

"हॉलमध्येच. शनिवारी लागणार आहे."

"वायरिंग?"

"आतून थोडं आहे. आणि बाहेरून चार तारा."

"बाहेरून? उघड्या?"

"उघड्याच. त्यांना हात लावायचा असतो ना."

रंगवाल्यानं हातातला डबा खाली ठेवला. "उघड्या तारांना हात? कोण लावतं?"

"माझी बायको लावायची."

"आणि आता?"

"गेल्या वर्षी गेली."

रंगवाल्यानं कागदाची टोपी काढून हातात घेतली. मग हळू आवाजात म्हणाला, "साहेब, बाकीचं राहू द्या. आधी त्या तारा काढा."

"काढल्या आज सकाळीच."

"बरं केलंत." त्यानं टोपी पुन्हा घातली. आता त्याच्या बोलण्यात माया आली होती. "हे बघा, जुना बेस सगळा खरवडून काढायचा. मग लांबी भरायची. लांबी किती देऊ?"

"लांबी चार फूट."

"लांबी फुटात नसते साहेब, किलोत असते."

लांबी म्हणजे लाकडातली भोकं बुजवायचा लगदा, हे कंपाउंडरांना त्या दिवशी कळलं. चाळीस वर्षं औषधं मोजण्यात घालवलेल्या माणसाला नवीन माप शिकताना फार आनंद होतो. त्यांनी दोन किलो लांबी घेतली.

"एक भोक ठेवायचं नाही," रंगवाला म्हणाला. "भोक राहिलं की आतून वाळवी लागते."

"लिहून द्या," कंपाउंडर म्हणाले.

हा त्यांचा आयुष्यभराचा नियम होता. लिहून दिलेलं असलं की शंका काढायची नाही, अक्षरशः तसंच करायचं. या नियमानं त्यांनी चार डॉक्टरांच्या हाताखाली एकही चूक केली नव्हती. रंगवाल्यानं रंगांच्या नमुन्याच्या कार्डामागे लिहिलं: 'बेस खरवडणे. सर्व भोकं लांबीनं बुजवणे. घासणे. बेसवर दोन हात, विटकरी ऑइलपेंट.'

मंगळवारी त्यांनी बेस खरवडला. विटकरीखाली काळा निघाला, काळ्याखाली निळा. बायकोनं हा बेस जुनाच घेतला होता, पण त्याला एवढा इतिहास असेल असं वाटलं नव्हतं. निळ्यावर तर कुणीतरी चांदण्या काढल्या होत्या. कुणी, हे जाणून घ्यायला त्यांना आवडलं असतं, पण कार्डावर चांदण्यांचा उल्लेख नव्हता. त्यांनी त्या घासून काढल्या. वरच्या कडेला तळहाताएवढी जागा होती, तिथे रंगच नव्हता, लाकूड गुळगुळीत झालेलं होतं. तीही त्यांनी घासून बाकीच्या लाकडासारखी करून टाकली. बुधवारी लांबी भरली. मोठं भोक, बारीक भोक, स्क्रूचं भोक, एकही सोडलं नाही. आवाजाच्या पट्टीचा खड्डा होता, तो थापीनं भरून सपाट केला. गुरुवारी सकाळी पहिला हात, संध्याकाळी दुसरा. शुक्रवारी सकाळी टेबलावर एक गोंडस, विटकरी, छिद्ररहित वस्तू पडली होती. तिला पाहून कुणालाही समाधान वाटलं असतं, फक्त ती काय आहे हे सांगता आलं नसतं.

अकरा वाजता मेहुणी आली. चप्पल काढता काढता तिनं टेबलाकडे पाहिलं.

"भावोजी, हे काय आहे?"

"ओळख."

"पाट आहे का?"

"बेस आहे!"

मेहुणी जवळ आली. आधी तिनं वरच्या कडेवरून हात फिरवला. तिचं बोट रंगाला चिकटलं, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. "इथली जागा कुठे गेली?"

"कुठली?"

"इथे रंग गेला होता ना. ताईचा हात टेकायचा इथे. बावीस वर्षं घासून घासून गेला होता तो."

कंपाउंडर खुर्चीवर बसले. त्यांनी त्या जागेकडे पाहिलं. ती आता इतर सगळ्या जागांसारखीच होती, आणि तशी करायला त्यांना पूर्ण पाऊण तास लागला होता.

"मला वाटलं, खराब झालंय," ते म्हणाले.

मेहुणी काही बोलणार होती, पण त्यांचा चेहरा पाहून तिनं विषय बदलला. बदलायला दुसरा विषय शोधावा लागलाच नाही. "आणि भोकं? भोकं कुठायत?"

"बुजवली. एक ठेवलं नाही."

"अहो, त्यांत बटणं बसतात! मान कशात बसवणार? आवाजाची पट्टी कुठे ठेवणार?"

"लिहून दिलं होतं," कंपाउंडर म्हणाले आणि त्यांनी कार्ड पुढे केलं.

मेहुणीनं ते वाचलं. "काय सांगितलंत त्याला?"

त्यांनी सगळं सांगितलं. चाळीस वर्षांचा बेस, छातीपर्यंत उंची, हॉल, चार तारा. मेहुणी ऐकता ऐकता भिंतीला टेकली, मग हळूहळू भिंतीवरून घसरत खाली जमिनीवर बसली. "भावोजी," तिनं डोळे पुसले, "त्यानं तुम्हाला रंगाखालचा बेस दिला हो! पार्टिशनचा! आणि ताई तारांना चिकटून गेली असं समजून तो बिचारा..." पुढचं हसण्यात बुडालं.

कंपाउंडरांना हसू आलं नाही. "उद्या चार वाजता," एवढंच ते म्हणाले. "वाजेल का गं तो?"

मेहुणी उठली. "चला. डॉक्टरकडे."

दातांच्या डॉक्टरचा दवाखाना दोन रस्ते सोडून होता. बाहेर एक गृहस्थ गालाला रुमाल लावून बसले होते. डॉक्टर तिशीची, चटपटीत मुलगी. ती बाहेर येताच कंपाउंडर सवयीनं उठून उभे राहिले.

"बसा हो काका. बघू पेशंट." तिनं बेसवर गुंडाळलेली चादर बाजूला केली. मग तिनं टिचकी मारून पाहिलं. "किती भरलीत?"

"सगळी."

"एकही दात किडलेला नसताना?"

"सगळी," कंपाउंडर पुन्हा म्हणाले.

"रुमालवाले काका, तुम्हाला अर्धा तास थांबता येईल का?" डॉक्टरनं विचारलं. "जरा इमर्जन्सी आहे."

बेसला खुर्चीवर निजवण्यात आलं. खुर्ची मागे झाली, वरचा दिवा लागला. डॉक्टरनं मास्क चढवला आणि बारीक ड्रिल सुरू केलं. लांबीचा पांढरा भुगा उडायला लागला तशी ती न बघताच म्हणाली, "सक्शन."

कंपाउंडरांनी नळी उचलली आणि नेमक्या जागी धरली. तिनं हात पुढे केला, त्यांनी हातात बरोबर अवजार ठेवलं. तिनं पुन्हा हात पुढे केला, त्यांनी कापूस दिला. असं दहा मिनिटं चाललं. मग डॉक्टरनं मास्क खाली ओढून त्यांच्याकडे पाहिलं. "काका, तुम्ही आधी काय करत होतात?"

"हेच. फक्त पेशंट बोलायचे."

एकेक भोक उघडं झालं. मोठ्या खड्ड्याला वेळ लागला. बाहेरच्या गृहस्थांना राहवलं नाही, त्यांनी दार किलकिलं करून आत डोकावलं. खुर्चीवर विटकरी रंगाचं, डोकं नसलेलं काहीतरी पडलं होतं आणि तिघं जण त्याच्यावर वाकली होती. "मला आता बरंच बरं वाटतंय," असं म्हणून ते निघून गेले.

पाकिटं उघडली. 'सकाळी'नं मान बसली, 'दुपारी'नं पट्टी. मेहुणीनं पर्समधून एक्स्चेंजमधली जुनी, सोल्डरिंगचा डाग द्यायची इस्त्री काढली आणि नंबर बघून वायरी जोडल्या. 'रात्री'तली बटणं सर्वांत शेवटी. आवाजाचं बटण फिरवलं तसं आत करकर वाजलं.

"थोडा भुगा गेलाय आत," डॉक्टर म्हणाली. "चालेल. रंग मात्र ओला आहे अजून."

"उद्यापर्यंत वाळेल?"

"ऑइलपेंट आहे, काका. त्याच्या मनात असेल तर."

शनिवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसं होती. कंपाउंडर पहिल्या रांगेत मधोमध बसले. पहिलं गाणं सुरू झालं. त्यांनी डोळे मिटले. ड्रम ओळखला, अकॉर्डियन ओळखलं, गाणारीचा आवाज ओळखला आणि उरलेलं काय ते शोधू लागले. उरलेलं काहीच सापडेना. त्यांनी डोळे उघडले. डॉक्टरची बोटं हलत होती, पूर्वी बायकोची हलायची तशीच. त्यांनी एका कानावर हात ठेवून पाहिलं, मग दुसऱ्या. गाणं संपलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. कंपाउंडरांनीही वाजवल्या. घरी कुणी विचारणारं असतं तर आजही त्यांनी "छान" म्हणून सांगितलं असतं.

दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर डॉक्टरनं आवाजाचं बटण जरासं वाढवलं. आत करकर झाली आणि बेस बंद पडला.

ड्रम चालू होता, अकॉर्डियन चालू होतं, गाणारी गात होती. काहीच कमी झालं नव्हतं. पण जिन्यात आणखी एक पायरी आहे म्हणून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं कंपाउंडरांना झालं. सगळं गाणं अधांतरी लोंबकळायला लागलं. ते ताडकन उभे राहिले.

"गेला!" ते ओरडले. "हा आत्ता गेला ना, तोच! तोच तो!"

"भावोजी, बसा खाली!" मेहुणी ड्रम न थांबवता ओरडली.

"अगं, पण मला कळलं!"

"बसा हो!"

डॉक्टरनं बटणावर एक चापट मारली. भुगा हलला आणि आवाज परत आला. या वेळी तो कानांनी ऐकायची गरजच पडली नाही. तो जमिनीतून आला, खुर्चीच्या पायातून चढला आणि छातीत येऊन बसला. कडेच्या टेबलावर पाहुण्यांसाठी पाण्याचे ग्लास मांडून ठेवले होते, ते किणकिणायला लागले. कंपाउंडर त्या ग्लासांकडे बघत राहिले. मग त्यांनी खिडकीकडे पाहिलं. रस्ता रिकामा होता.

ट्रक नव्हतेच तर.

बावीस वर्षं ते बायकोचं वाजवणं ऐकत होते, आणि तिला त्रास नको म्हणून खिडकी लावत होते. ती दर वेळी त्यांच्याकडे बघून हसायची. का हसायची, हेही आज कळलं.

कार्यक्रम संपल्यावर डॉक्टरला बेसवरून हात उचलता येईना. बाही रंगाला चिकटली होती. तिनं जपून ओढली, तशी बाहीबरोबर रंगही निघाला आणि वरच्या कडेला तळहाताएवढं लाकूड उघडं पडलं. "सॉरी काका. सोमवारी द्या माझ्याकडे, मी तेवढं रंगवून देते."

"खबरदार," कंपाउंडर म्हणाले. डॉक्टरांशी या भाषेत ते आयुष्यात पहिल्यांदा बोलत होते. "बेस तुमच्याकडेच राहू दे. पण त्या जागेला हात लावायचा नाही. म्हणजे... हात लावायचा. रंग नाही."

सोमवारी ते उरलेली लांबी परत करायला दुकानात गेले. रंगवाल्यानं त्यांना पाहताच गिऱ्हाईक सोडून स्टूल पुढे केलं.

"कसं काय साहेब? तारा काढूनच टाकल्यात ना?"

"परत लावल्या."

"अहो, परत?"

"आता डॉक्टर हात लावते. जाणकार आहे."

रंगवाल्याला हे पटलेलं दिसलं नाही, पण दुःखी माणसाशी वाद घालायचा नाही एवढं त्याला कळत होतं. "आणि बेस? बसला का नीट?"

"छान बसला. मध्ये एकदा गेला होता."

"गेला?"

"मिनिटभरच. तेव्हाच मला कळला. तोवर इतकी वर्षं घरात होता, पण कधी लक्षातच आला नव्हता."

रंगवाल्यानं समजुतीनं मान हलवली. "बेसचं तसंच असतं साहेब. आहे तोवर त्याच्याकडे कोण बघतंय? लोक वरचा रंग बघतात. बेस गेला म्हणजे कळतं, की सगळं त्याच्यावरच उभं होतं."

कंपाउंडरांनी काउंटरवरचं नमुन्याचं एक कार्ड उलटं करून त्याच्यापुढे सरकवलं.

"लिहून द्या."

"काय लिहू?"

"आत्ता बोललात ते."

रंगवाल्यानं कानामागची पेन्सिल काढली आणि थांबून थांबून, शुद्धलेखन सांभाळत लिहिलं. कंपाउंडरांनी ते वाचून पाहिलं, घडी केली आणि खिशातल्या गोळ्यांच्या पाकिटात घातलं. मग त्याचीच पेन्सिल मागून घेतली, पाकिटावरचे 'सकाळी', 'दुपारी', 'रात्री' असे तिन्ही शब्द खोडले आणि खाली लिहिलं, 'लागेल तेव्हा.'